येझदीची टाकी गळते तेव्हा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 ते 1996 या काळात बाहेर पडलेल्या जावा-येझदी आजही रस्त्यावर दिसतात. इंजिन दणकट, दगा देते ती आतून गंजलेली टाकी. उभ्या गाडीच्या अर्ध्या टाकीत दमट हवेचं पाणी तळाशी साचतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ते आणखी ओढून घेतं.

खूण सोपी: पेट्रोल कॉकच्या जाळीत तांबूस गाळ.

मूठभर नट-बोल्ट आणि व्हिनेगर घालून टाकी हलवत राहिलं की गंज सुटतो. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवायची, नाहीतर पुन्हा तांबूस थर चढलाच म्हणून समजा. टाचणीएवढ्या भोकाला डाग देता येतो. पण रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक. जाणता कारागीर टाकी धुऊन, भोकाजवळची जागा सोडून पाण्याने भरतो, मगच गॅस पेटवतो.

बसवताना खालची रबरं नवी हवीत. कडक झालेल्या रबरातून इंजिनाची थरथर थेट पत्र्यात जाते आणि डाग दिलेली जागाच आधी तडकते.