बोटीवरचं धुणं

व्यापारी जहाजांवर खलाशांचे कपडे कसे धुतले जातात, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा वाटलं, यासाठी मुंबईच गाठावी लागणार. पण हवा तो माणूस नागपुरातच, मनीषनगरात भेटला. मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर, सध्या सुटीवर.

नियमांचं सांगायचं तर मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ चं. २०१३ च्या ऑगस्टपासून ते लागू झालं आणि भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. कपडे धुण्याची नीट सोय त्यात बंधनकारक आहे. मशीन किती दणकट असावं, हे मात्र जहाजाच्या मालकावर सोडलेलं. मग किनाऱ्यावरच्या खरेदी खात्यातून पुष्कळदा घरगुती मशीनच बोटीवर चढतं.

तिथे त्याची पहिली गाठ पडते विजेशी. आपल्या घरात ५० हर्ट्झ, बोटीवर बहुधा ६०. पाणी उपसणाऱ्या छोट्या पंपाची मोटर त्यामुळे वीस टक्के जोरात फिरते. शिवाय बोटीवरच्या २२० व्होल्टच्या जोडणीत न्यूट्रल नसतो, दोन्ही तारा जिवंत असतात. एकाच तारेवर स्विच असलेलं मशीन बंद केलं, तरी आत वीज खेळत राहते. मशीनचा हीटर ओला होऊन गळायला लागला, की थेट इंजिन कंट्रोल रूममध्ये इन्सुलेशनचा अलार्म वाजतो. मग हे गृहस्थ एकेक सर्किट बंद करत दोष शोधतात. किती वेळा तो लॉन्ड्रीतच सापडतो, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो, आणि तो चढणं मला रास्त वाटलं.

पाण्याचा मात्र फायदा होतो. इंजिनच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळून गोडं करतात, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आपल्या बोअरच्या पाण्यासारखा हीटरवर पांढरा थर बसत नाही. उलट साबण जरा जास्त पडला की फेसच आवरत नाही.

सगळ्यात चिवट दुखणं बेअरिंगचं. घरगुती मशीनचा टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो. बोट डोलली, की तो बाजूच्या पत्र्यावर आपटतो किंवा तोल जुळत नाही म्हणून पिळणंच थांबतं. तेला-ग्रीसने माखलेले बॉयलरसूट ओले होऊन जड झालेले असतात. ड्रममागचं रबरी सील झिजतं, साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग गंजतं. बऱ्याच नव्या मशीनचे टब कायमचे चिकटवलेले असल्याने दोनचारशे रुपयांच्या बेअरिंगसाठी अख्खा टब बदलावा लागतो, आणि तो भर समुद्रात कुठून आणणार? म्हणून नव्या बोटीवर गेले, की ते आधी मशीनची मागची बाजू उघडून टब बोल्टने जोडलाय का, ते बघतात. बोटींसाठी मुद्दाम बनवलेली यंत्रं मिळतात: ६० हर्ट्झची, न्यूट्रलविना ४४० व्होल्टवर चालणारी, डेकला घट्ट बसवायची. ती महाग पडतात. पण वीसपंचवीस माणसं, एकेकाचं कंत्राट चार ते नऊ महिन्यांचं. एवढ्या काळात बंद मशीनपायी बादलीत बॉयलरसूट चोळावे लागतात, त्या कष्टांचा हिशेब कुठल्याच बिलात येत नाही.

इंजिनरूमच्या कपड्यांसाठी वेगळं मशीन हवं, हा त्यांचा दुसरा आग्रह. तसं नसेल तर डिझेलचा वास उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचतो. तिसरी धास्ती ड्रायरची. कपड्यांचा धागा-कापूस जाळीत साचतो. पाळी संपवून आलेला थकलेला माणूस कपडे टाकून झोपायला जातो, जाळी तशीच राहते. साचलेला कापूस तापून पेट घेतो. त्यामुळे मशीन निवडताना ती जाळी दारातच, न वाकता हाताला येईल अशी आहे का, हेही ते तपासायला लावतात.