गाणे एकाचे, दस्तऐवज दुसऱ्याचा

अमेरिकेतील रॉक संगीताचे इतिहास सामान्यतः मैफलींच्या गर्दीने, तबकड्यांच्या खपाने आणि कलावंतांच्या स्वैर वर्तनाच्या दंतकथांनी भरलेले असतात. त्या इतिहासाचा जो भाग करारनाम्यांत, हिशेबवह्यांत आणि न्यायालयांच्या दप्तरांत पडून असतो, त्याकडे रसिकांची दृष्टी क्वचितच वळते. ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या बँडचे चरित्र मात्र तो भाग वगळून सांगताच येत नाही.

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या उत्तरेस एल सेरिटो नावाचे लहानसे गाव आहे. तेथे जॉन फॉगर्टी, डग क्लिफर्ड आणि स्टू कुक या तीन शाळकरी मुलांनी १९५९ मध्ये ‘ब्लू व्हेल्वेट्स’ नावाचा बँड काढला, व जॉनचा थोरला भाऊ टॉम पुढे त्यांना येऊन मिळाला. १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फँटसी’ या, मुख्यतः जॅझच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने त्यांना पदरी घेतले. पण त्यांच्यावर ‘गॉलीवॉग्ज’ हे विदूषकी नावही लादले. व्हिएतनाम युद्धाच्या लष्करभरतीमुळे १९६६ मध्ये जॉन राखीव सैन्यात आणि क्लिफर्ड तटरक्षक दलाच्या राखीव तुकडीत दाखल झाला. दरम्यान, १९६७ मध्ये कंपनीची मालकी सॉल झॅन्ट्स व त्याच्या भागीदारांकडे गेली. बँडने नवे नाव घेतले, नवा करारनामा झाला. आणि दरवर्षी ठराविक संख्येने ध्वनिमुद्रणे देण्याचे बंधन पत्करून, गीतांचे स्वामित्व कंपनीच्या स्वाधीन करणाऱ्या त्या कागदावर चौघा तरुणांनी सह्या केल्या.

त्यानंतर जे घडले ते विलक्षण होते. सॅन फ्रान्सिस्कोतील समकालीन बँड एकेक गीत अर्धा अर्धा तास आळवीत असता, जॉनने दोन-तीन मिनिटांची, घट्ट विणीची, एका हरकतीचाही अपव्यय न करणारी गीते रचली. आणि लुइझियानाच्या दलदलीचे व मिसिसिपीवरील नौकांचे वर्णन इतक्या आत्मीयतेने केले, की कित्येक श्रोत्यांना हा कॅलिफोर्नियाचा मुलगा दक्षिणेतलाच वाटला. एकट्या १९६९ मध्ये त्यांच्या तीन दीर्घ तबकड्या निघाल्या. १९७० ची ‘कॉस्मोज फॅक्टरी’, जिचे नाव त्यांच्या बर्कलीतील सरावाच्या जागेवरून पडले, नऊ आठवडे अमेरिकेत अग्रस्थानी होती. तथापि ‘प्राउड मेरी’सह त्यांची पाच एकेरी गीते अमेरिकेच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचून थांबली आणि पहिल्या स्थानी त्यांचे एकही गेले नाही.

गीते रचणे, गाणे, मांडणी ठरविणे आणि व्यवहार पाहणे हा सगळा कारभार जॉनने आपल्याच हाती ठेवला होता, व इतरांना त्यात वाटा हवा होता. १९७१ मध्ये टॉम बाहेर पडला. कुक आणि क्लिफर्ड यांनाही रचना करू देणारी ‘मार्डी ग्रा’ ही तबकडी १९७२ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बँड संपुष्टात आला. कर वाचविण्यासाठी बहामा बेटांतील एका बँकेत ठेवलेली त्यांची रक्कमही त्या बँकेबरोबर बुडाली.

कराराची बेडी तोडण्यासाठी जॉनने आपल्या जुन्या गीतांच्या स्वामित्वधनावर पाणी सोडले, आणि त्यानंतर अनेक वर्षे ती गीते रंगमंचावर गाण्याचेच टाळले. १९८५ मध्ये त्याची ‘सेंटरफील्ड’ ही तबकडी अग्रस्थानी पोहोचताच फँटसीने फिर्याद गुदरली: तीतील ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे गीत म्हणे ‘रन थ्रू द जंगल’ची नक्कल होती. दोन्ही गीतांचा कर्ता जॉनच. पण जुन्याचा हक्क कंपनीचा, म्हणून मनुष्यावर स्वतःचीच चोरी केल्याचा आरोप आला! १९८८ मध्ये साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून त्याने ज्यूरीला आपली रचनापद्धती उलगडून दाखविली, आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. वकिलांचा खर्च मिळावा म्हणून तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; १९९४ मध्ये त्या न्यायालयाने एकमताने ठरविले, की स्वामित्वहक्काच्या दाव्यात जिंकणाऱ्या प्रतिवादीला खर्च देताना जिंकणाऱ्या वादीसारखाच निकष लावला पाहिजे. रॉक संगीताच्या एका कज्ज्याने अमेरिकन कायद्यात घातलेली ही मोलाची भर होय.

बंधुत्वाचा दावा मात्र कोणत्याच न्यायालयात निकाली निघाला नाही. झॅन्ट्सविषयी दोघांची मते टोकाची भिन्न होती, आणि १९९० मध्ये टॉम निवर्तला तोवर दोघांचा समेट झाला नव्हता. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममधील सन्मानाच्या रात्रीही जॉनने जुन्या साथीदारांबरोबर वाजविण्यास नकार दिला.

२००४ मध्ये ‘काँकॉर्ड’ कंपनीने फँटसी विकत घेतली व जॉनचे स्वामित्वधन पुन्हा सुरू केले. जानेवारी २०२३ मध्ये त्याने आपल्याच गीतांच्या प्रकाशनहक्कांतील बहुतांश हिस्सा अखेर विकत घेतला. झॅन्ट्सला या कथेतील खलपुरुष ठरविणे सोपे आहे. पण त्याने मागितले ते बहुतांशी कागदात लिहिलेलेच होते, आणि तो कागद चौघांनी आपखुशीने सही केलेला होता. प्रतिभा करारनामा वाचीत नाही. म्हणून तो वाचणारा एखादा जाणता मनुष्य प्रत्येक तरुण कलावंताने सहीपूर्वीच शेजारी बसवून घ्यावा, एवढाच या इतिहासाचा व्यवहारी बोध आहे.