छंद मंडळाचा, माहिती सभासदांची

टिपेश्वर अभयारण्यात सफारीला जाण्याचा बेत यवतमाळ, पांढरकवडा किंवा वणीतील एखाद्या निसर्गप्रेमी मंडळात ठरला, की पहिले काम चिटणिसाच्या वाट्याला येते. ते म्हणजे ओळखपत्रे गोळा करण्याचे. नोंदणी करताना प्रत्येक पर्यटकाचे नाव, वय व ओळखपत्राचा तपशील द्यावा लागतो, तर प्रवेशद्वारावर मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. मग मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर ‘आधारचा फोटो टाका’ असा निरोप जातो. तासाभरात अनेक कुटुंबांची आधारकार्डे, पत्ता व जन्मतारखेसह, समूहातील प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत जाऊन बसतात. सफारी काही तासांत आटोपते. छायाचित्रे मात्र वर्षानुवर्षे तिथेच राहतात.

यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. हौशी मंडळे परस्परविश्वासावर चालतात आणि सायकलस्वारांचा गट असो, बुद्धिबळ मंडळ असो वा हौशी नाट्यसंस्था, सभासदाची माहिती मागताना कोणी फारसा विचार करीत नाही. नाव व दूरध्वनी क्रमांक यांपाशी न थांबता जन्मतारीख, रक्तगट, आजार, व्यवसाय, घरातील मुलांची नावे असे रकाने प्रवेश अर्जात वाढत जातात. त्यांतील बऱ्याच रकान्यांचा पुढे कधी उपयोगच होत नाही.

देशात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा प्रश्न आजवर मोठ्या कंपन्यांपुरताच मानला गेला, त्याला कायद्याचेही कारण होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये झालेले नियम व्यापारी वा व्यावसायिक स्वरूपाचे काम करणाऱ्या संस्थांनाच लागू होते. छंद मंडळ त्यात बसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यायच्या आहेत.

या कायद्यातील ‘व्यक्ती’च्या व्याख्येत व्यक्तींचा समूहही येतो, मग तो नोंदणीकृत असो वा नसो. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती कायद्यातून वगळलेली आहे. परंतु मंडळाच्या कामासाठी ठेवलेली सभासदांची यादी घरगुती म्हणता येणार नाही. कायदा केवळ संगणकीय स्वरूपातील, किंवा कागदावरून नंतर त्या स्वरूपात आणलेल्या माहितीला लागू होतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. नोंदवही कपाटात आहे तोवर ती कायद्याच्या कक्षेबाहेर असते. तिच्या पानाचे छायाचित्र काढून समूहावर टाकले, की ती आत येते.

माहिती ज्या कारणासाठी घेतली, त्याच कारणासाठी वापरावी हा कायद्याचा गाभा होय. छोट्या गावात नेमके हेच घडत नाही. सहलीसाठी दिलेला क्रमांक निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराच्या कार्यकर्त्याकडे जातो, एरवी विमा प्रतिनिधीकडे. महिला सभासदांना अनोळखी क्रमांकांवरून निरोप येऊ लागले, तर त्यांपैकी काही तक्रार न करता मंडळच सोडतात, आणि त्याचे खरे कारण कार्यकारिणीला कळतही नाही. याउलट सर्पमित्रांचे क्रमांक मुद्दाम जाहीर केले जातात. साप निघाल्यावर ते हाताशी असायलाच हवेत. क्रमांक तोच असतो, फरक असतो तो देणाऱ्याच्या मर्जीचा व कारणाचा.

अठरा वर्षांखालील सभासदांच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. त्यांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. उन्हाळी शिबिरे घेणाऱ्या मंडळांना याची तयारी आताच करावी लागेल. संमती मागणारी सूचना इंग्रजीत वा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, म्हणजे ती मराठीतही मागता येईल.

सुरक्षेच्या त्रुटींबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद वाचून पाचशे रुपये वर्गणी घेणाऱ्या मंडळाने घाबरण्याचे कारण नाही. चुकीचे स्वरूप, तिचे गांभीर्य आणि दंडाचा परिणाम पाहूनच रक्कम ठरवावी, असे कायदाच सांगतो. ब्रिटनमध्ये माहिती आयुक्तांचे कार्यालय छोट्या संस्था व क्लबांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन पुरवते. तसे सोप्या मराठीत इथे उपलब्ध झाले, तर दंडाच्या आकड्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

काम संपले की माहिती पुसून टाकावी, हे ऐकायला सोपे वाटते. पण नोंदणीकृत संस्थेला सभासदांची नोंदवही व हिशेब कायद्यानेच ठेवावे लागतात. शिवाय नव्या नियमांनी एक गाठ मारून ठेवली आहे. सरकारी यंत्रणांना ठरावीक कारणांसाठी मागता यावी म्हणून माहिती व तिच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष जपण्याचे बंधन त्यांत आहे. एकीकडे पुसा आणि दुसरीकडे जपा, या कात्रीत छोट्या मंडळांनी काय करायचे? जी माहिती लागत नाही ती मुळात घ्यायचीच नाही, हाच त्यातल्या त्यात स्वस्त व सुरक्षित मार्ग दिसतो.

सफारीचेच पाहा. नोंदणीसाठी लागणारा तपशील चिटणीस दूरध्वनीवर विचारून थेट भरू शकतो आणि मूळ ओळखपत्र ज्याने त्याने सोबत आणावे. मग छायाचित्रांची गरजच उरत नाही. कुठे प्रत द्यावीच लागली, तर केवळ शेवटचे चार आकडे दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. ते चालेल का, एवढे आधी विचारून घ्यावे. रक्तगट आणि आपत्कालीन क्रमांक सहलीच्या दिवशी गटप्रमुखाजवळच्या एका कागदावर असले तरी पुरते. नुसत्या सूचना द्यायच्या असतील, तर समूहाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपची ‘ब्रॉडकास्ट’ यादी वापरावी. तीत सभासदांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत.

यादी नेमकी कोणाच्या हाती आहे, याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या लहानशा गावाच्या ग्रामपंचायतीच्या लॉगिनवरून सुमारे २७ हजार संशयास्पद जन्मनोंदी झाल्याचे २०२५ च्या अखेरीस उघडकीस आले, तेव्हा यवतमाळ जिल्ह्याने परवलीच्या शब्दाचे मोल पाहिले. मंडळाची यादी त्या मानाने क्षुल्लक असली, तरी तिच्या चाव्याही अशाच विखुरलेल्या असतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारिणी बदलते. पावतीपुस्तक, शिक्का आणि बँकेचे पासबुक नव्या चिटणिसाच्या हाती रीतसर सोपवले जाते, त्याची नोंद इतिवृत्तात होते. जुन्या चिटणिसाच्या गुगल खात्यातील सभासद अर्जांचा त्यात उल्लेख नसतो.