हिवाळ्यातील ट्राउट : गळ, गाभोळी आणि बंदीचा काळ

हिमालयाच्या दऱ्याखोऱ्यांतील नद्या उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाने आणि पावसाळ्यात गढूळ पुराने दुथडी भरून वाहतात. नोव्हेंबर उजाडला की त्यांचे रूप पालटते. पाणी ओसरते, नितळ होते आणि तळाचे गोटेही स्पष्ट दिसू लागतात. गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी माणसाला याहून मोहक दृश्य दुसरे नाही. परंतु नेमक्या याच वेळी हिमाचल प्रदेशातील ट्राउटच्या नद्यांवर मासेमारीस बंदी असते. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तेथे कोणालाही परवाना मिळत नाही. याउलट, अमेरिकेतील काही डोंगरी नद्यांवर याच माशासाठी भर हिवाळ्यात, काठावर बर्फ साचलेले असताना, लोक गळ घेऊन उभे असतात. मासा एक, खेळही एक. मग नियम दोन का? या प्रश्नाचे उत्तर नदीच्या तळाशी, खडीच्या थराखाली दडलेले आहे. ते समजून घेणे आपल्या राज्यातील नद्या, ओढे व तलाव सांभाळणाऱ्या मंडळींनाही उपयोगी पडेल.

थंड पाण्याचा रहिवासी

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नव्हे. तपकिरी ट्राउट युरोपातील, तर अंगावर गुलाबी पट्टा असलेला रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील. ब्रिटिश अमदानीत तेथील अधिकाऱ्यांनी आपल्या मायदेशातील हा खेळ येथे रुजविण्याचा प्रयत्न केला. १८९९ मध्ये काश्मीरकडे पाठविलेली ट्राउटची अंडी वाटेतच नष्ट झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणलेली अंडी मात्र जगली आणि श्रीनगरजवळील हारवान येथे उबवणी केंद्र उभे राहिले. काश्मीरहून हे बीज १९०९ मध्ये कुल्लू खोऱ्यात गेले आणि बियास व तिच्या उपनद्यांत ट्राउट स्थिरावला. दक्षिणेत निलगिरीच्या उंच पठारावर रेनबो ट्राउटने मूळ धरले.

या माशाला थंड आणि प्राणवायूने समृद्ध असे पाणी लागते. पाणी जितके थंड, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू अधिक. समुद्रसपाटीवर शून्य अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. २० अंशांच्या पाण्यात हेच प्रमाण सुमारे ९ मिलिग्रॅमवर येते. म्हणूनच पाणी २५ अंशांच्या आसपास तापले की ट्राउटचा जीव धोक्यात येतो. आपल्या सह्याद्रीतील नद्यांत हा मासा का नाही, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

माशीचा गळ

ट्राउटचे मुख्य खाद्य म्हणजे पाण्यातील कीटक. हे कीटक अळीच्या अवस्थेत गोट्यांखाली राहतात, वाढ पूर्ण झाली की पृष्ठभागावर येऊन पंख उघडतात आणि उडून जातात. तळापासून पृष्ठभागापर्यंतच्या या प्रवासात ट्राउट त्यांना टिपतो. ही सवय ओळखूनच माशीच्या गळाची पद्धत निर्माण झाली. इंग्रजीतून आलेले ‘फ्लाय फिशिंग’ हे नाव आता सर्वत्र रूढ आहे.

यात गांडूळ किंवा पिठाची गोळी लावीत नाहीत. लहानशा गरीवर पीस, केस व रेशमी दोरा गुंडाळून कीटकासारखे दिसणारे आमिष तयार करतात. या आमिषाला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे नेहमीच्या गळाप्रमाणे ते भिरकावता येत नाही. म्हणून येथे दोरीच जाड व वजनदार असते. लवचीक काठीने ही दोरी हवेत मागे-पुढे खेळवितात आणि तिच्या टोकाचा बारीक, पारदर्शक धागा आमिषाला अलगद पाण्यावर नेऊन सोडतो. आमिष प्रवाहाबरोबर अगदी नैसर्गिकपणे वाहिले पाहिजे. दोरीचा किंचित ताण पडून ते आडवे सरकले, तरी मासा फसत नाही. नदीतील कीटकांचे आणि प्रवाहाचे ज्ञान हेच या खेळातील खरे भांडवल होय.

हिवाळ्यातील कसब

मासा हा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाणी थंडावले की त्याच्या शरीरातील सर्व क्रिया मंदावतात. दहा ते पंधरा अंशांच्या पाण्यात चपळाईने खाद्यामागे धावणारा ट्राउट चार अंशांच्या खाली जेमतेम हालचाल करतो. त्याला भूक कमी लागते आणि खाल्लेले पचण्यासही वेळ लागतो. अशा वेळी तो जोराचा प्रवाह सोडून संथ, खोल डोहाचा आश्रय घेतो. तेथे फारशी शक्ती खर्च न करता त्याला तग धरता येतो.

ज्या नद्यांवर हिवाळ्यात मुभा आहे, तेथील जाणकार मच्छीमार या स्वभावाशी जुळवून घेतात. ते पहाटे नदीवर जात नाहीत. सूर्य वर येऊन पाणी अर्धा-एक अंश तापेपर्यंत थांबतात. दुपारचे तीन-चार तास हाच त्यांचा खरा वेळ. आमिष तळाला जवळजवळ घासत, अगदी संथपणे न्यावे लागते, कारण थंडीने सुस्तावलेला मासा घासासाठी हातभरही दूर सरकत नाही. हिवाळ्यात उडणारे कीटक मुख्यत्वे चिलटाएवढे असतात. त्यामुळे आमिषही तांदळाच्या दाण्याहून लहान असते. काठीच्या कड्यांत बर्फ साचून दोरी अडते, ते वारंवार काढावे लागते. निसरड्या गोट्यांवरून पाय घसरल्यास गोठणाऱ्या पाण्यात जीवावर बेतू शकते. म्हणून एकट्याने पाण्यात उतरू नये, असा तेथे संकेत आहे.

मासा धरून परत सोडण्याची प्रथाही या खेळात रुजली आहे. त्यासाठी उलट काटा नसलेली गरी वापरतात आणि गरी काढताना मासा पाण्यातच ठेवतात. हिवाळ्यात हे पथ्य विशेष महत्त्वाचे असते. हवा शून्याखाली असताना मासा बाहेर काढून धरला, तर त्याच्या नाजूक कल्ल्यांना इजा होते आणि सोडलेला मासाही पुढे दगावू शकतो.

खडीखालची पिढी

वरून निद्रिस्त दिसणाऱ्या नदीत एक मोठे काम मात्र हिवाळ्यातच चालू असते. तपकिरी ट्राउटचा विणीचा हंगाम शरद ऋतूच्या अखेरीस सुरू होतो. हिमालयात तो प्रामुख्याने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतो. गाभोळीने भरलेली मादी उथळ, वाहत्या पाण्यातील स्वच्छ खडीची जागा निवडते. शेपटीचे फटकारे मारून ती खळगा करते, त्यात अंडी घालते आणि नराने ती फलित केल्यावर वरच्या बाजूची खडी लोटून खळगा झाकून टाकते. मादीच्या वजनाच्या दर किलोमागे साधारणपणे दीड ते दोन हजार अंडी असतात.

ही अंडी उबण्याचा काळ पाण्याच्या तापमानावर ठरतो. दहा अंशांच्या पाण्यात सुमारे चाळीस दिवस लागतात. पाच अंशांच्या पाण्यात त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक. बाहेर आलेली पिलेही लगेच पोहू लागत नाहीत. पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीवर ती आणखी काही आठवडे खडीतच राहतात. म्हणजे डिसेंबरात घातलेल्या अंड्यांतील पिढी वसंताच्या तोंडापर्यंत वाळू-खडीच्या वितभर थराखाली असते. तिला पळता येत नाही की लपता येत नाही.

या काळात तिला तीन गोष्टींचे भय असते. पहिले, पायाचे. नितळ पाण्यातील स्वच्छ खडीचा फिकट पट्टा उभे राहण्यास सोयीचा वाटतो, पण तीच विणीची जागा असते. तेथे टाकलेले एक पाऊल शेकडो अंडी चिरडू शकते. दुसरे, गाळाचे. अंड्यांना प्राणवायू खडीच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातून मिळतो. रस्त्याच्या खोदाईची माती नदीत लोटली, की फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. तिसरे, पाणी आटण्याचे. हिमालयातील नद्यांना हिवाळ्यातच सर्वांत कमी पाणी असते. वरच्या अंगाला पाणी वळविले, तर उथळ भागातील खडी उघडी पडते व अंडी सुकतात वा गोठतात.

नियम दोन का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सान हुआन नदीवर १९६२ मध्ये नवाहो धरण पूर्ण झाले. धरणाच्या तळातून सुटणारे पाणी उन्हाळ्यात तापत नाही आणि हिवाळ्यात गोठत नाही. त्यामुळे धरणाखालील काही मैलांच्या पट्ट्यात ट्राउट वर्षभर खातो, आणि मासेमारीही वर्षभर चालते. शिवाय तेथे रेनबो ट्राउटचे प्राबल्य आहे, आणि हा मासा मुख्यतः सरत्या हिवाळ्यात व वसंतात वितो. मुभा आहे म्हणून नियम नाहीत, असेही नव्हे. धरणाजवळच्या खास पट्ट्यात धरलेला मासा सोडून देणे बंधनकारक आहे.

याउलट, ज्या स्कॉटलंडातून आपल्याकडे ट्राउट आला, तेथे तपकिरी ट्राउट धरण्यास ७ ऑक्टोबर ते १४ मार्च या काळात कायद्याने बंदी आहे. हिमाचलमधील चार महिन्यांची बंदी याच तत्त्वावर उभी आहे. कायद्यातील तारखा कोणी मनाने ठरविलेल्या नाहीत. माशाची वीण आणि पाण्याचे तापमान यांनी त्या ठरविल्या आहेत. नियम दोन दिसतात, परंतु त्यांच्या मुळाशी असलेले सूत्र एकच आहे : जेथे आणि जेव्हा पुढची पिढी असहाय असते, तेथे आणि तेव्हा हात आखडता घ्यावा.

बंदी कागदावर राहू नये यासाठी

मासेमारीला बंदी घातली म्हणजे मासा वाचला, असे होत नाही. सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरविले आहे; तरी असे प्रकार आजही घडतात. एका स्फोटात डोहातील लहानमोठे सर्व जीव मरतात. दुर्गम खोऱ्यात दर मैलाला पहारेकरी ठेवणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. तेथे खरा पहारा काठावरच्या गावाचाच असतो.

कुल्लू जिल्ह्यातील तीर्थन नदीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून येते. २०१४ मध्ये या उद्यानास जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. मार्च ते ऑक्टोबर या खुल्या हंगामात परवाना घेऊन ट्राउट धरण्यासाठी लोक येथे येतात. त्यांच्या मुक्कामातून, वाटाड्याच्या कामातून खोऱ्यातील कुटुंबांना उत्पन्न मिळते. हिवाळ्यातील चार महिने गळ बाजूला ठेवला, तरच पुढचे आठ महिने पाहुणे येतील, हा हिशेब तेथे कोणाला शिकवावा लागत नाही. पाण्याच्या बाबतीतही नियम आला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नद्यांत किमान प्रवाह राखण्याचा आदेश दिला. टंचाईच्या काळातील सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी वाहते ठेवावे, असे त्याचे प्रमाण आहे.

येथे एक सावधगिरीही नोंदविली पाहिजे. तपकिरी ट्राउट हा परका व शिकारी मासा आहे. हिमालयातील मूळचा ‘असला’ या नावाने ओळखला जाणारा मासा त्याच पाण्यात राहतो, आणि खाद्य व जागा यांसाठी दोहोंत स्पर्धा होते. परक्या माशाचे बीज नव्या पाण्यात सोडण्यापूर्वी मूळच्या माशाचा विचार करणे अगत्याचे आहे.

आपल्या नद्यांपुरते

महाराष्ट्रात ट्राउट नाही. परंतु हे सूत्र येथेही तितकेच लागू आहे. फरक ऋतूचा आहे. ट्राउटची वीण थंडीत, तर आपल्या गोड्या पाण्यातील बहुतेक माशांची वीण पहिल्या पावसात. मृगाच्या सरी कोसळल्या की गाभोळीने भरलेले मासे ओढ्यांतून, शेताच्या बांधांवरून वर चढू लागतात. कोकणात ‘वलगण’ व देशावर ‘चढणीचे मासे’ म्हणून हा काळ प्रसिद्ध आहे. अनेक गावांत तो मासे धरण्याचा उत्सवच असतो. त्या एका रात्रीत टोपलीत पडणारी प्रत्येक मादी आपल्याबरोबर पुढील वर्षाची हजारो पिले घेऊन जाते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

आपल्याकडे जपणुकीची परंपराही जुनीच आहे. महाडजवळील वाळण कोंडीच्या डोहातील मासे देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी हात लावीत नाही. लोणावळ्याजवळील टाटा वीज कंपनीच्या तलावावर, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांच्या प्रयत्नांतून, १९७० च्या दशकापासून महासीर माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. श्रद्धेने राखलेला डोह आणि शास्त्राने उभारलेले उबवणी केंद्र यांचा हेतू एकच आहे.

ग्रामपंचायतीला या कामी मोठ्या खर्चाची गरज नाही. पहिल्या पावसाचे काही आठवडे चढणीच्या वाटांवर जाळी न लावण्याचा ठराव, एखादा डोह कायमचा राखीव ठेवणे, विणीच्या जागेतील वाळूउपसा थांबविणे आणि शाळेतील मुलांना गाभोळीचा मासा ओळखण्यास शिकविणे, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. हिमालयातील मच्छीमार चार महिने गळ खुंटीला टांगून ठेवतो. आपल्याकडील नदीची मागणी त्याहून पुष्कळच कमी आहे.