सात दरवाजांपलीकडची राणी

थोरल्या बहिणीच्या दाराशी इनाना येते ती पुरती नटूनथटून. डोक्यावर पागोटं, गळ्यात लाजवर्दी मण्यांचा सर, हातात सोन्याचं कडं, अंगावर राणीचं वस्त्र. बहिणीचे यजमान गुगलअन्ना वारले, त्यांच्या क्रियाकर्माला आले आहे, असं ती द्वारपाल नेतीला सांगते. पाताळाचे दरवाजे सात. प्रत्येक दरवाजावर एकेक दागिना, एकेक वस्त्र उतरवून घेतलं जातं. हे काय चाललंय, असं तिनं विचारलं की उत्तर ठरलेलं: इथले नियम आहेत, तोंड उघडू नकोस. शेवटच्या दरवाजातून ती उघडीवाघडी, वाकलेली अशी आत येते. सात न्यायाधीश तिच्यावर नजर टाकतात आणि स्वर्गाच्या राणीचं प्रेत आकड्याला टांगलं जातं.

सुमारे चारशे ओळींची ही सुमेरी कथा इ.स.पू. १८०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर सापडते. आज ती सलग वाचता येते याचं बरंचसं श्रेय सॅम्युएल नोआ क्रेमर या अभ्यासकाच्या चिकाटीला. निप्पूरच्या एका पाटीचा वरचा भाग इस्तंबूलला आणि खालचा फिलाडेल्फियाला, अशी स्थिती होती. इनाना प्रियकर दुमुझीला सोडवायला खाली गेली, असा समज कित्येक वर्षं रूढ होता. १९५१ मध्ये क्रेमरनी प्रसिद्ध केलेल्या मजकुरातून उलटंच निघालं: स्वतःची सुटका व्हावी म्हणून तिनंच दुमुझीला पाताळाच्या हवाली केलं होतं.

पण या कथेत मला धरून ठेवते ती इनानाची थोरली बहीण एरेश्किगल, पाताळाची राणी. इनानाला सोडवण्यासाठी एन्की देव आपल्या नखांतल्या मळापासून दोन जीव घडवतो. माश्यांसारखे ते दारातून आत शिरतात, तर एरेश्किगल अंथरुणावर पडून कण्हते आहे. अंगावर वस्त्र नाही, केस विस्कटलेले, बाळंतवेणा सुरू असाव्यात तशी अवस्था. एन्कीनं त्यांना शहाणपणाची गोष्ट शिकवून पाठवलेलं असतं. ती ‘आई गं’ म्हणाली की यांनीही म्हणायचं, ती पोटाला धरून विव्हळली की यांनीही विव्हळायचं. एवढ्यानं ती विरघळते. नदी देऊ करते, धान्यानं भरलेलं शेत देऊ करते. ते दोघं आकड्यावरचं प्रेत तेवढं मागतात. मृत्यूची देवता म्हणून जिची धास्ती घ्यायची, तिचं दुखणं विचारायला तोवर कोणी आलेलंच नव्हतं, असा माझा या प्रसंगाचा अर्थ आहे. क्रूरपणा शोधायचाच तर तो मला वरच्या बहिणीत जास्त दिसतो.

एरेश्किगल तेव्हा पाताळाची मालकीण असली तरी मृत्यूशी संबंध असलेले देव गावोगावी निराळे होते. एनेगीचा निनाझू, कूथाचा नेर्गल, गिशबंदाचा निंगिशझिदा. लगशचा राजा गुदेआ तर या निंगिशझिदालाच आपलं खासगी दैवत मानत असे. इ.स.पू. २१२० च्या सुमारास त्यानं त्याला वाहिलेलं दगडी अर्घ्यपात्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे; त्यावर एकमेकांना वेढे घातलेले दोन साप कोरलेले आहेत. जवळपास त्याच काळातला ऊरचा राजा उर-नम्मू लढाईत पडतो, तेव्हाच्या शोकगीतात तो पाताळात जाऊन तिथल्या देवांना भेटी देत फिरतो. नेर्गलला शस्त्रं, एरेश्किगलला, दुमुझीला, नमतारला, ज्याला त्याला मानाप्रमाणे. नव्या दरबारात रुजू होणाऱ्या माणसानं नजराणे द्यावेत तसा हा प्रकार. पुढच्या कथांत पाताळाचा राजा ठरणारा नेर्गल त्या यादीत पहिला आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. राणी आधी, राजा नंतर असा सरळ क्रम लावायचा मोह होतो, पण पुरावा इतका सरळ नाही. पाताळ कोणी एकट्यानं रचलं नव्हतं. गावोगावच्या देवांना एका छपराखाली आणून ते तयार झालं.

नमतार हा एरेश्किगलचा वजीर, रोगराई पसरवणारा. अत्राहसीसच्या काव्यात माणसांचा गोंगाट असह्य होऊन एन्लील देव रोगाची साथ सोडतो, तेव्हा एन्की लोकांना युक्ती सांगतो: बाकीच्या देवांना काही वाहू नका, फक्त नमतारच्या दारात भाजलेली भाकर ठेवा. नमतार त्या भाकरीनं ओशाळतो आणि साथ ओसरते. मृत्यूच्या वजिराला इतकी भीड!

या पाताळात पापपुण्याचा हिशेब मात्र जवळजवळ नाही. बेलेत-सेरी नावाची लेखनिक राणीपुढे गुडघे टेकून पाटी वाचते, पण मेलेल्यांचं बरंवाईट ठरतं ते मागे कोण उरलं यावरून. गिल्गमेश राजा विचारतो आणि पाताळ पाहिलेला त्याचा सोबती एन्किदू सांगतो: एक मुलगा असलेला माणूस रडत बसलाय, सात मुलगे असलेला देवांच्या पंगतीला आहे. ज्याला पाणी द्यायला कोणी नाही, तो रस्त्यावर फेकलेले उष्टे तुकडे खातो. आणि जन्मताच गेलेली बाळं सोन्याचांदीच्या मेजाशी मध-तुपात खेळतात. इतक्या करड्या मजकुरात ही एक ओळ कोणा लेकरू गमावलेल्या माणसासाठीच ठेवली असावी.

म्हणून घरोघरी ‘किस्पू’ होत असे. मेलेल्यांची नावं घ्यायची, अन्न ठेवायचं, पाणी ओतायचं. चंद्र दिसेनासा होतो तो महिन्याचा शेवटचा दिवस यासाठी राखलेला. श्राद्ध आणि अमावास्या माहीत असलेल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. हम्मुराबीच्या घराण्यातल्या अम्मीसदूकाच्या काळातली किस्पूची एक पाटी मिळाली आहे. तिच्यात पूर्वजांची यादी संपल्यावर धन्याच्या कामी लढाईत मेलेल्या शिपायांना आणि ज्यांचं करायला कोणी नाही अशा सगळ्यांनाही जेवायला बोलावलं आहे.

इ.स.पू. चौदाव्या शतकात पाताळात लग्न लागतं. या लग्नाच्या गोष्टीची जुनी प्रत सापडली थेट इजिप्तमध्ये, अमर्ना इथं. तिकडचे लेखनिक अक्कादी शिकायला ही गोष्ट वापरत, शब्द सुटे कळावेत म्हणून पाटीवर तांबडे ठिपके दिलेले आहेत. देवांच्या मेजवानीत एरेश्किगलच्या वजिराला सगळे उठून मान देतात, एकटा नेर्गल बसून राहतो. जाब विचारायला बोलावल्यावर तो सैतानांची फौज घेऊन खाली उतरतो, राणीला केस धरून सिंहासनावरून ओढतो आणि मान कापायला निघतो. ती रडत लग्न करू म्हणते, राज्य देऊ करते, ज्ञानाची पाटी देऊ करते. तो तिचे डोळे पुसतो. सातशे वर्षांनंतरची प्रत आजच्या तुर्कस्तानातल्या सुल्तानतेपे इथं मिळाली. ऑलिव्हर गर्नी यांनी ती १९६० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात दांडगाई मागे पडते. नेर्गल पाताळात जातो, दोघं सहा दिवस एकत्र काढतात, सातव्या दिवशी तो निसटतो. मग एरेश्किगल आकांत करते: पोरवयात मुलींचे खेळ खेळले नाही, त्याला परत पाठवा, नाहीतर मेलेल्यांना वर सोडीन, ते जिवंतांना खातील. शेवटी तो येतो. दोन्ही प्रतींत सिंहासन वाटलं जातंच, पण दुसरी लिहिणाऱ्याला माणसांची पारख जास्त होती.

असुरी साम्राज्याच्या काळात पाताळाचा रंग आणखी बदलतो. इ.स.पू. सातव्या शतकातल्या एका पाटीवर राजपुत्र कुम्माया स्वप्नात पाताळ पाहतो. नावाडी हुमुत-तबाल याचं डोकं अंझू पक्ष्याचं, द्वारपालाचं सिंहाचं आणि मधोमध सिंहासनावर नेर्गल. राजपुत्राला झुलपं धरून त्याच्यापुढे खेचलं जातं, तो जेमतेम जिवानिशी सुटतो. हे वाचताना असुरी राजधानी निनवेचा राजदरबारच आठवतो. त्याच शतकात असुरी राजा अशुरबनिपालनं एलामची राजधानी सूसा लुटली, तिथल्या राजांची थडगी उकरली आणि हाडं सोबत नेली. त्यांच्या आत्म्यांना विश्रांती मिळू नये, किस्पू आणि पाणी मिळू नये, हा हेतू त्यानं स्वतःच कोरून ठेवला आहे. जिवंतांवरचा सूड पुरेनासा झाला की राजे पाताळाची व्यवस्थाही हत्यार म्हणून वापरतात.

एरेश्किगलची म्हणून खात्रीनं दाखवता येईल अशी मूर्ती नाही. ब्रिटिश म्युझियमनं २००३ मध्ये पंधरा लाख पौंडांना घेतलेला, पक्ष्याचे पाय आणि पंख असलेल्या देवीचा भाजक्या मातीचा फलक तिचा आहे की इनानाचा, यावर अजून वाद आहे.

नेर्गलची पूजा इ.स.च्या सुरुवातीच्या शतकांतही हत्रा इथं चालू होती. कीलाक्षरांतला कालनिश्चिती होणारा जवळपास शेवटचा मजकूर इ.स. ७५ चा, खगोलशास्त्राचा. त्यानंतर दोनतीनशे वर्षांनी, इजिप्तमधल्या ग्रीक जादूटोण्याच्या पपायरसांवर मांत्रिक हेकाटी देवीला हाक मारताना तिच्या जोडीला एक परकं नाव ग्रीक अक्षरांत लिहीत होते: एरेस्खिगाल.