दिल्लीचा फॉर्म बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो



मागच्या महिन्यात दर्यापूर तालुक्यातल्या एका गटाची बैठक संपली. वह्या बंद झाल्या, चहा अजून यायचा होता. तेवढ्यात एका ताईंनी हळूच विचारलं, "मॅडम, आमची पोट्टी म्हन्ते मले दिल्लीले जाऊन ऑनर्स कराचं आहे. हे ऑनर्स म्हंजे काय असते? अन् तिथं आपल्यासारख्याच्या पोरीले घेतात का?"

मी उत्तर देण्याआधीच शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढ्या दूर पोरगी धाडाची? कोन पाहीन तिले?" तिसऱ्या म्हणाल्या, "आधी बारावीचा निकाल त लागू दे, मंग पाहू."

काकूंचा प्रश्न खरा आहे, त्यावर पुढे लिहिते. पण मला भीती वाटली ती तिसऱ्या वाक्याची. कारण 2025 मध्ये आपल्या बोर्डाचा बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला. आणि दिल्ली विद्यापीठासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिचा फॉर्म 1 मार्चला सुरू होऊन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बंदही झाला होता. निकाल पाहून पेढे वाटून मग चौकशी करणारीचं वर्ष गेलं. मार्क कितीही असोत.

आधी ऑनर्स म्हणजे काय ते सांगते. साध्या बीएत आपण तीन-चार विषय थोडे थोडे शिकतो. ऑनर्समध्ये एक विषय मुख्य धरून त्यात खोल जायचं, इतिहास तर इतिहास, राज्यशास्त्र तर राज्यशास्त्र. दिल्ली विद्यापीठात पहिल्या वर्षापासूनच ऑनर्सला प्रवेश मिळतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, नाहीतर चौथं वर्ष करता येतं. आपल्या महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष पूर्ण केलं तर ऑनर्स, अशी रचना आहे. नाव एकच, पण गाडी वेगवेगळी.

दिल्ली विद्यापीठ सरकारी आहे, केंद्र सरकारचं. त्याच्या 69 कॉलेजांत मिळून पदवीच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे 71 हजार जागा आहेत. 2022 पासून तिथला प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होत नाही, सीयूईटी नावाच्या परीक्षेवर होतो. बारावी पास व्हावंच लागतं, पण नंबर लागतो तो सीयूईटीच्या मार्कांवर. दोघींचे मार्क सारखे आले तर मग बारावीचे मार्क पाहतात. हे आपल्या मुलींच्या फायद्याचं आहे असं मला वाटतं. पूर्वी काही बोर्डं ढिगाने मार्क द्यायची आणि आपल्याकडच्या 82 टक्केवाल्या हुशार पोरीला तिथे कोणी विचारायचं नाही.

परीक्षा कॉम्प्युटरवर असते. एका विषयाला एक तास, 50 प्रश्न, चारपैकी एक पर्याय निवडायचा. बरोबर उत्तराला 5 मार्क, चुकलं तर 1 वजा. जास्तीत जास्त पाच विषय देता येतात. प्रश्नपत्रिका 13 भाषांत असते आणि त्यात मराठी आहे! हे ऐकून त्या ताईंच्या मुलीचा चेहरा उजळला. पण मी तिला लगेच दुसरी बाजूही सांगितली. अभ्यासक्रम एनसीईआरटीचा असतो, आपल्या बोर्डाच्या पुस्तकांचा नाही, आणि ती पुस्तकं मराठीत निघत नाहीत. हिंदी किंवा इंग्रजी घ्यावी लागतात. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात, मोबाइलवर उतरवून घेता येतात. पुढे कॉलेजात गेल्यावर बीए ऑनर्सचे पेपरही हिंदी किंवा इंग्रजीतच लिहायचे असतात. आपल्या पोरी हिंदी सिरियल पाहून हिंदी बोलतात झकास, पण लिहिताना अडतात. आतापासून रोज एक पान हिंदीत लिहायला लावा.

विषय निवडताना सगळ्यात जास्त चुका होतात. बारावीला जे विषय घेतले तेच सीयूईटीत द्यायचे, हा दिल्ली विद्यापीठाचा नियम आहे. बीए ऑनर्सच्या बहुतेक विषयांना एक भाषा आणि तीन विषय असे चार पेपर लागतात. भाषा म्हणून मराठी चालते. पण इंग्रजी ऑनर्स हवं असेल तर भाषेचा पेपर इंग्रजीचाच द्यावा लागतो. आणि अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागतं. आर्ट्सला गणित सोडलेल्या मुलीने ते नाव यादीतून काढून टाकावं, उगाच आशा नको. म्हणून आठवी-दहावीच्या मुलींच्या आयांनीही हे वाचून ठेवा, अकरावीचे विषय घेताना उपयोगी पडेल.

आता कागदपत्रं. इथे माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण मी याच जागी पडले. एमएसडब्ल्यूसाठी मी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत अर्ज केला होता. ओबीसीतून. नॉन-क्रिमिलेयर होतं, फाइलमध्ये नीट लावलेलं. पण ते राज्याच्या नमुन्यातलं होतं. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं लागत होतं. ज्या सेवा केंद्रातून काढलं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, बाबांना तर दोन नमुने असतात हेच माहीत नव्हतं. माझा अर्ज खुल्या प्रवर्गात धरला गेला आणि नंबर गेला. मी इकडेच शिकले, वाईट काही झालं नाही. पण आजही नॉन-क्रिमिलेयर शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

तर नीट ऐका. जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडून येतो, सेतूत अर्ज करायचा, वेळ लागतो. नॉन-क्रिमिलेयर मात्र आत्ता काढून उपयोग नाही. दिल्ली विद्यापीठाला ते प्रवेशाच्या वर्षातल्या 1 एप्रिलनंतरचं ताजं लागतं. म्हणून तहसीलचे उत्पन्नाचे दाखले मार्चपर्यंत तयार ठेवायचे आणि एप्रिल उजाडला की पहिल्या आठवड्यात अर्ज करायचा. अर्ज करताना तोंडाने स्पष्ट सांगायचं, "केंद्र सरकारच्या नमुन्यातलं पाहिजे." हातात आल्यावर वाचून पाहायचं. खुल्या प्रवर्गातल्या गरीब कुटुंबांच्या ईडब्ल्यूएस दाखल्यालाही हाच 1 एप्रिलचा नियम आहे. कुणबी, माळी हे केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. एसईबीसीचं आरक्षण आपल्या राज्यापुरतं आहे, दिल्लीत चालत नाही. घरात एकुलती एक मुलगी असेल तर दिल्ली विद्यापीठात 2024 पासून प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषयाला एक जादा जागा ठेवली आहे, तेही विसरू नका.

नावाचं एक लफडं आहे. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटं. कुठे वडिलांचं नाव "रामराव", कुठे नुसतं "राम". फॉर्म भरायच्या आधी दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पाहा, आणि दुरुस्ती करायची तर डिसेंबरातच करा.

आणि मोबाइल नंबर! फॉर्म नेटकॅफेत भरला तरी नंबर आणि ईमेल घरचाच द्या, दुकानदाराचा नको. ओटीपी, हॉलतिकीट, निकाल, कॉलेज लागल्याचा निरोप, सगळं त्यावर येतं. रिचार्ज संपून सिम बंद पडलं म्हणून पोरीचं नुकसान होऊ नये.

खर्च किती? 2025 च्या दराने तीन विषयांची परीक्षा फी खुल्या प्रवर्गाला 1000, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला 900, एससी-एसटीला 800 रुपये. चौथ्या विषयाचे अनुक्रमे 400, 375, 350 जास्तीचे. त्यानंतर दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेश अर्जाचे वेगळे 250, एससी-एसटीला 100. म्हणजे ओबीसी मुलीला चार पेपरांसकट 1525 रुपये. गटाच्या अंतर्गत कर्जातून सहज निघण्यासारखी रक्कम आहे. बैठकीत मांडायला लाजू नका, बियाण्यासाठी मागता तसंच मागा. परीक्षेसाठी शहर निवडताना जवळची शहरं आधी टाका, अमरावती, अकोला, नागपूर, जी यादीत दिसतील ती.

2025 मध्ये परीक्षा 13 मेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चालली, निकाल 4 जुलैला लागला. इथे पुष्कळ जण समजतात की संपलं. संपत नाही. सीयूईटी दिली म्हणजे दिल्ली विद्यापीठात अर्ज झाला असं नाही. त्यांच्या प्रवेशाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करायची, मग कोणतं कॉलेज आणि कोणता विषय यांची पसंतीची यादी द्यायची. यादी लांब द्या. दोन नामांकित कॉलेजं टाकून थांबू नका. कॉलेज लागल्याचं कळलं की थोड्याच दिवसांत "मान्य" असं बटण दाबून फी भरावी लागते. मुदत चुकली तर मुलगी प्रक्रियेतूनच बाहेर पडते. जुलैत आपल्याकडे डवरणी-निंदणाची धांदल असते, फोन घरात आणि आपण वावरात. त्या दोन-तीन आठवड्यांत फोन पोरीच्याच हाती राहू द्या.

आता काकूंचा प्रश्न, कोन पाहीन तिले. दिल्लीत फक्त मुलींची जुनी कॉलेजं आहेत. इंद्रप्रस्थ कॉलेज 1924 चं, मिरांडा हाउस 1948 चं, लेडी श्रीराम 1956 चं. तिन्हींना वसतिगृह आहे. पण प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालं असं नाही, त्याचा अर्ज वेगळा आणि जागा थोड्या. वसतिगृह नाही मिळालं तर खोली किंवा पीजी, आणि खरा पैसा तिथे जातो, कॉलेजच्या फीत नाही. हा हिशोब कागदावर मांडूनच ठरवा. केंद्राची एक शिष्यवृत्ती आहे, बारावीत बोर्डाच्या वरच्या 20 टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना, पहिली तीन वर्षं दरवर्षी 12 हजार. निम्म्या मुलींसाठी राखीव आहेत. मदत होते, पण दिल्लीचं राहणं त्यात भागत नाही हे मी खोटं सांगणार नाही. आणि मुलींना फी माफ असल्याचा राज्याचा 2024 चा निर्णय राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, दिल्लीच्या बीएला नाही. हा गैरसमज मी तीन गावांत ऐकला.

हिशोब जुळत नसेल तर? तरीही सीयूईटी द्या. हीच परीक्षा वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयालाही चालते, ते केंद्रीयच आहे आणि घरापासून काही तासांवर. नाहीतर अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, 1923 पासूनची, तिथे चार वर्षांच्या पदवीची चौकशी करा. दिल्लीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण पोरीला कुठे जायचं नाही हे आपण ठरवावं, हुकलेल्या तारखेने नाही. पापळचे पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला गेले तेव्हाही घरात कोणीतरी म्हणालंच असेल, एवढ्या दूर?

त्या ताईंचं अजून पक्कं नाही. मुलीच्या बाबांनी "पाहू" म्हटलंय. तरी जातीच्या दाखल्याचा अर्ज त्यांनी गेल्या सोमवारी टाकला आणि पावती मला दाखवली.

 डिसेंबरपासून दर आठवड्याला सीयूईटीचं संकेतस्थळ पाहायचं. ज्यांच्या घरी बारावीतली मुलगी आहे त्यांनी दहावीची मार्कशीट, आधार, जातीचा दाखला असेल तो, आणि मुलीला घेऊन या. मी दर बुधवारी दुपारी प्रभागसंघाच्या कार्यालयात असते. मुलीला सोबत आणाच, तिच्याशिवाय फॉर्मचं काही बोलणार नाही.