इंदूरची ‘शारदा’

ज्या १८९१ साली आमच्या इंदुरात होळकर कॉलेज निघाले, त्याच साली ब्रिटिश हिंदुस्थानात मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला. पुण्यात टिळकांनी परकीय सरकारच्या या हस्तक्षेपास कडवा विरोध केला. आगरकरांच्या ‘सुधारका’ने कायद्याची बाजू घेतली. वाद पदवीधरांचा, पेढीवरच्या माणसास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने देवलांचे ‘संगीत शारदा’ इंदुरासच प्रथम रंगभूमीवर आणले, आणि बालाजरठविवाहाचा प्रश्न तिकीट काढून येणाऱ्या प्रत्येकाचा झाला. द्रव्यलोभाने मुलीस म्हाताऱ्या भुजंगनाथास देऊ पाहणारा कांचनभट भिक्षुक खरा, पण त्याचा हिशेब बाजारातला! आम्हां व्यापाऱ्यांस तो अधिक झोंबावा, हे योग्यच. मॅट्रिकपुढे न गेलेल्या आमच्यासारख्यांस कलमांपेक्षा शारदेची पदे लवकर उमगली. एक गोष्ट मात्र आम्हांस अजून खटकते. ते लग्न मोडते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. मुलीच्या आकांताने नव्हे. मुलींचे विवाहाचे वय १४ ठरविणारा ‘सारडा कायदा’ पुढे १९२९ साली झाला. त्याचे नाव नाटकावरून नव्हे, हरबिलास सारडा यांच्यावरून पडले.